बारा वर्षांनी पंचवटीत

भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचा पहिला अंक संपत येतो तेव्हा नायकाने आपल्या गरोदर बायकोला रानात नेऊन सोडण्याचा हुकूम दिलेला असतो. हुकूम देताना ती त्याच्याच हाताची उशी करून झोपलेली असते. आणि हा नायक राम आहे. प्रेक्षक ज्याला देव मानतात त्याला पहिल्याच अंकात अपराधी ठरवायचे आणि उरलेले सहा अंक त्या अपराधाचा पाठपुरावा करायचा, असे धाडस आठव्या शतकातल्या या नाटककाराने केले. तो विदर्भाचा. आपले मूळ गाव पद्मपूर असल्याचे त्याने स्वतःच आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ असलेले पद्मपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. पुढे तो कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेला. त्याची तीन नाटके आपल्यापर्यंत पोचली आहेत आणि त्यांतले हे सर्वांत परिपक्व.

करुणरसाचे नाटक म्हणून ‘उत्तररामचरित’ अभ्यासक्रमात शिकवले जाते. शिकवताना भर असतो तो रामाच्या शोकावर. मला मात्र ते अपराध आणि क्षमा यांचे नाटक वाटते. केलेल्या चुकीची बोच माणसाच्या आत एकटीच राहिली तर ती त्याला फक्त जाळते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूने कोणी ती तोंडावर बोलून दाखवली, आणि ती ऐकून घेण्याची वेळ अपराध्यावर आली, म्हणजे मग त्याच्यात काही हलू लागते. क्षमा करणाऱ्यालाही तितकीच वाट चालावी लागते. भवभूतीने हे दोन्ही प्रवास एकाच अंकात, एकाच जागी, एकमेकांना दिसणार नाहीत असे बांधले आहेत.

आधी अपराध नीट पाहू, कारण त्याने तो फार काळजीपूर्वक रचला आहे. राज्याभिषेक झाला आहे. वसिष्ठ, अरुंधती आणि तिघी राजमाता ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या यज्ञाला गेल्या आहेत. जनकही नुकताच मिथिलेला परतला आहे. घरात मोठे माणूस म्हणून कोणी उरलेले नाही. वसिष्ठांचा निरोप येतो: राजा नवा आहेस, प्रजेला संतुष्ट ठेव. राम सहज बोलून जातो की प्रजेसाठी प्रेम, दया, स्वतःचे सुख, इतकेच काय, जानकीसुद्धा सोडावी लागली तरी मला त्याची व्यथा होणार नाही. सीता शेजारीच असते आणि तिला त्याचे कौतुकच वाटते. मग लक्ष्मण त्यांच्याच पूर्वायुष्याची चित्रे दाखवायला घेऊन येतो. चित्रे पाहताना मंथरेचा प्रसंग आला की राम तो घाईने ओलांडतो. पंचवटी आली की सीता घाबरते. पुन्हा एकदा त्या रानांत हिंडावे, गंगेत डुंबावे असे डोहाळे तिला लागतात. रथ सांगितला जातो. ती दमून झोपते. आणि तेवढ्यात दुर्मुख नावाचा हेर लोक काय बोलतात ते रामाच्या कानात सांगतो.

राम कोणाला विचारत नाही, विचारायला घरात कोणी नाही, आणि झोपलेल्या सीतेला तो उठवत नाही. तिच्याच डोहाळ्यांसाठी सांगितलेला रथ तिला टाकून येण्यासाठी वापरला जातो. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरेपूर कळते. पाळलेल्या पाखराला खाटकाने कापावे तसे मी हिला फसवून मृत्यूच्या हाती देतो आहे, असे तो स्वतःच म्हणतो. म्हणजे कळले नाही म्हणून चूक झाली, अशी पळवाट भवभूतीने त्याला ठेवलेली नाही. तिच्या पायांवर डोके ठेवून तो निघून जातो. सीता जागी होते, तो दिसत नाही, आणि ती लटक्या रागाने म्हणते: मला एकटीला झोपलेली टाकून गेला काय, थांब, त्याच्यावर रागावेनच, अर्थात त्याला पाहिल्यावर माझा मलाच आवर राहिला तर. एवढे बोलून ती आनंदाने रथात चढते. हे वाक्य लक्षात ठेवावे असे आहे, कारण पुढची बारा वर्षे आणि तिसरा अंक यांचे बी त्यातच आहे.

दुसऱ्या अंकात ती बारा वर्षे उलटून गेली आहेत. रामाने अश्वमेध मांडला आहे आणि पत्नीच्या जागी सीतेची सोन्याची मूर्ती बसवली आहे. राज्यकारभार चोख चालला आहे. त्याच्या मनाची अवस्था तिसऱ्या अंकाच्या आरंभी मुरला नदी सांगते, पुटपाकाची उपमा देऊन. वैद्य औषध चहूबाजूंनी लिंपून बंद करतो आणि आगीत ठेवतो. बाहेरून तडा दिसत नाही, वाफ निसटत नाही, आत मात्र सारे शिजत राहते. रामाचा शोक तसा आहे. एकट्याच्या अपराधबोधाचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

आणि असा कोंडलेला अपराधबोध माणसाला शहाणे करतोच असे नाही, याचा पुरावाही नाटकातच आहे. राम दंडकारण्यात येतो तो शंबूकाला मारायला. तपश्चर्या करणारा शूद्र म्हणून त्याचा वध. तलवार उचलताना रामाचा हात अडखळतो, तेव्हा तो आपल्या उजव्या हातालाच सुनावतो की गरोदर सीतेला हाकलणाऱ्या रामाचा तू हात, तुला कसली आली करुणा! आणि वार होतो. एक अन्याय केलेला माणूस त्या अन्यायाचीच साक्ष काढून दुसरा अन्याय करतो. शंबूक लगेच दिव्य रूप घेऊन रामाचे उपकार मानतो, आणि नाटक या हत्येचा दोष रामाच्या पदरी घालत नाही. आजच्या वाचकाला ते मान्य होणार नाही, मलाही होत नाही. सीतेच्या बाबतीत इतका जागा असलेला नाटककार इथे आपल्या काळाच्या पलीकडे गेला नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तिसरा अंक छायांक म्हणून ओळखला जातो. जागा जनस्थान, पंचवटी, गोदावरीचा काठ. म्हणजे परंपरेने आपले नाशिक. मुलांच्या बाराव्या वाढदिवसाला स्वतःच्या हातांनी खुडलेल्या फुलांनी सूर्याची पूजा कर, असे निमित्त सांगून गंगेने सीतेला तिथे पाठवले आहे आणि वनदेवतांनाही ती दिसू नये असा प्रभाव तिच्यावर घातला आहे. सोबत तमसा नदी आहे. राम नेमका तिथेच येतो. त्याच्यासोबत वासंती, त्या रानाची देवता आणि सीतेची मैत्रीण. रंगमंचावर चौघे आहेत. सीता आणि तमसा प्रेक्षकांना दिसतात, राम आणि वासंती यांना दिसत नाहीत. यासाठी पडदा लागत नाही की प्रकाशाची करामत लागत नाही. नटांनी दिसत नाही असे मानायचे आणि प्रेक्षकांनी ते मान्य करायचे, एवढ्यावर सगळा अंक उभा आहे.

रामाचा आवाज कानी पडतो तेव्हा सीतेचे अंग शहारते. पण तमसा तो का आला हे सांगते त्यावर सीतेचे उत्तर थंड आहे: त्या राजाच्या राजधर्मात काही उणे नाही, ही भाग्याची गोष्ट. नवऱ्याला ती ‘तो राजा’ म्हणते. बारा वर्षांचा सगळा दुरावा त्या दोन शब्दांत आहे. थोड्या वेळाने राम ओळखीची झाडे, ओळखीचे हरिण पाहून कोसळतो, आणि तमसेच्या सांगण्यावरून सीता त्याला हाताने स्पर्श करून शुद्धीवर आणते. यापुढे तिच्या तोंडी पुन्हा ‘आर्यपुत्र’ येऊ लागते. तरी तिने क्षमा केली असे अजून म्हणता येणार नाही. बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणणे वेगळे. तमसा तिच्या मनाचा अंदाज घेते तो फार सूक्ष्म आहे: आशा सुटल्यामुळे उदास, अन्यायामुळे रागावलेले, अचानक भेटीने गोंधळलेले, त्याच्या चांगुलपणामुळे निवळलेले, त्याच्या दुःखामुळे कळवळलेले, आणि प्रेमाने विरघळत चाललेले. हे सगळे एकाच क्षणी. क्षमा करणाऱ्याच्या मनात राग आधी संपतो आणि मग माया येते, अशी सोपी मांडणी करण्याचा मोह भवभूतीला झाला नाही.

आता वासंती. मला ती या नाटकातली सर्वांत आवश्यक व्यक्ती वाटते. ती रामाला प्रथम महाराज म्हणूनच बोलते, लक्ष्मण कुशल आहे ना असे विचारते. सीतेचे नावही काढत नाही, आणि ते न काढणेच रामाला झोंबते. मग तिचा बांध फुटतो. तू माझा प्राण, तू माझे दुसरे हृदय, अशी शेकडो गोड वाक्ये बोलून त्या भोळीला भुलवलेस आणि तिलाच… एवढ्यावर तिचे शब्द संपतात, वाक्य अर्धेच राहते. असे का केलेस, ती विचारते. लोकांना सहन होत नाही म्हणून, राम सांगतो. लोकांना का सहन होत नाही? ते त्यांनाच ठाऊक. यावर वासंती गप्प बसत नाही. तुला कीर्ती इतकी प्यारी, पण याहून मोठी अपकीर्ती कोणती? आणि रानात त्या हरिणाक्षीचे काय झाले असेल, काही वाटते तुला?

बारा वर्षांत हा प्रश्न रामाला कोणी विचारलेला नाही. अयोध्येत कोण विचारणार? मोठी माणसे परतलीच नाहीत आणि बाकीचे प्रजाजन. स्वतःला दूषणे देणे तो रोज करतच असेल. पण दुसऱ्याच्या तोंडून, समोर उभे राहून, नेमका प्रश्न येतो तेव्हा उत्तर द्यावे लागते. ते देताना राम पहिल्यांदा मोठ्याने रडतो. जंगली जनावरांनी तिला खाल्ले असणार, हे तो बोलून दाखवतो. लिंपलेले भांडे फुटते ते इथे, वासंतीच्या हाताने.

आणि त्याच वेळी पलीकडे सीता वासंतीवर रागावते. सखी, पुरे कर, तूच कठोर आहेस, असे ती न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणत राहते. मला हा अंकाचा कणा वाटतो. सीतेच्या वाट्याचा राग वासंती बोलते आहे, म्हणूनच सीतेला तो सोडून देता येतो. तिच्यावरचा अन्याय कोणीतरी मोठ्याने, नाव घेऊन, गुन्हेगारासमोर सांगितला. तो दडपला गेला नाही. आता त्याच्या बाजूने बोलण्याची मुभा तिला आहे.

अंकाच्या शेवटाकडे राम निघताना म्हणतो की अश्वमेधासाठी माझी सहधर्मचारिणी आहे. सीता दचकते, दुसरे लग्न केले तर! राम वाक्य पुरे करतो, सीतेचीच सोन्याची मूर्ती आहे. तेव्हा ती म्हणते की टाकून दिल्याच्या लाजेचा माझ्यात रुतलेला काटा आर्यपुत्रांनी आता उपटून काढला. क्षमा झाली ती इथे. ती रामाच्या अश्रूंनी झाली नाही, वासंतीच्या बोलण्याने अर्धीच झाली होती. पूर्ण झाली ती, तो एकटा असताना, ती ऐकते आहे हे माहीत नसताना, त्याने काय केले हे कळल्यावर. अपराध्याचा पश्चात्ताप खरा की देखावा, हे पारखण्याची याहून चोख युक्ती नाटकात सापडणे कठीण.

मधे एक क्षण आहे तो नटांसाठी म्हणून सांगतो. राम दुसऱ्यांदा कोसळतो, सीता त्याला पुन्हा स्पर्श करते, आणि या वेळी तो तिचा हात धरतो. वासंतीला ओरडून सांगतो की सीता सापडली. वासंतीला दिसते ते असे की राजा रिकाम्या हवेत हात धरून बोलतो आहे. सीता हात काढून घेते, आधी रेंगाळत, मग झटक्याने. एकाच हालचालीत प्रेक्षकाला भेट दिसते, वासंतीला वेड दिसते, आणि रामाला नंतर वाटते की आपला भासच झाला. तो अयोध्येला जातो तेव्हा त्याला क्षमा मिळालेली आहे आणि त्याला ते ठाऊक नाही.

कालिदासाने हाच पेच दुसऱ्या वाटेने सोडवला होता. महाभारतात दुष्यंत शकुंतलेला जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून त्याच्या डोक्यावरचा भार उतरवला. दोष विस्मृतीचा झाला. तरीही सातव्या अंकात शापाची हकीकत कळण्याआधीच दुष्यंत शकुंतलेच्या पायांवर पडतो, ही कालिदासाची मोठी खूण. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाची परंपरा तिथून वाढली. ‘उत्तररामचरित’ही परशुरामतात्या गोडबोले यांनी मराठीत आणले होते, पण ते लोकांच्या ओठांवर रुळले नाही. शापाने सुटणारा राजा पाहणे सोपे आहे. शाप नसलेला राजा पाहताना प्रेक्षकालाही अस्वस्थ व्हावे लागते.

भवभूतीच्या रामाला बोलणारी वासंती एकटी नाही. अरुंधती म्हणते की सून नसलेल्या अयोध्येत मी पाऊल ठेवणार नाही, आणि राजमाताही तिच्याबरोबर वाल्मीकींच्या आश्रमाकडे वळतात. चौथ्या अंकात तिथे जनक भेटतो. सीता अग्नीने शुद्ध ठरली होती, पण लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही, अशी समजूत कंचुकी घालू लागतो तेव्हा म्हातारा बाप उसळतो: माझ्या मुलीला शुद्ध करणारा हा अग्नी कोण? पाचव्या अंकात आपला बाप कोण हे माहीत नसलेला लव रामाच्या पराक्रमांची उजळणी करतो, ताटकेला मारणे, खराशी लढताना मागे सरणे, वालीचा वध, आणि प्रत्येकावर बोट ठेवतो. रामाचा दोष एका घटनेपुरता न ठेवता सगळ्या कीर्तीकडे पुन्हा पाहायला लावणे, तेही मुलाच्या तोंडून, हे मला फार धीट वाटते.

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये साम्य इतके आहे की अंगावर काटा येतो, जरी दोघांमध्ये सुमारे नऊशे वर्षे आहेत आणि एकाला दुसऱ्याचे नावही ठाऊक असणे शक्य नाही. लिआँटीझ राजा गरोदर राणी हर्मायनीवर खोटा आळ घेतो. सोळा वर्षे जातात. वासंतीच्या जागी तिथे पॉलिना आहे, राजाला त्याच्या गुन्ह्याची आठवण करून देणारी, त्याला सहजासहजी सुटू न देणारी. आणि पुतळाही आहे, शेवटी जिवंत होणारा. राणी खाली उतरते, राजाला मिठी मारते, पण तिचे शब्द फक्त देवांसाठी आणि मुलीसाठी आहेत. राजाशी ती एक अक्षर बोलत नाही. लहानगा मॅमिलियस मेला आहे, तो परत येत नाही. क्षमा झाली तरी सगळे भरून निघत नाही, हे शेक्सपिअरने त्या मुलाच्या मृत्यूत ठेवले.

उलट बाजू पाहायची तर गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्याला रंगमंचावर आणले. बालगंधर्वांची सिंधू गाजली. सिंधूच्या मायेला सीमा नाही, मरतानाही ती सुधाकराला वाचवू पाहते. पण तिची क्षमा अपराधाच्याही आधी तयार असते. तिच्या तोंडून सुधाकराला आपला दोष कधी ऐकू येत नाही. त्याला पश्चात्ताप होतो, पुन्हा होतो, आणि दर वेळी तो पेल्यापाशी परततो, शेवटच्या पेल्यात विष असते तिथपर्यंत. सिंधूला दोष देण्याचा इथे प्रश्न नाही. त्या काळच्या घराने तिला दुसरी भाषाच दिली नव्हती. पण नाटक म्हणून पाहिले तर सुधाकर वाढत नाही, खचतो, आणि सिंधू पहिल्या अंकापासून पूर्ण आहे. हे नाटक हृदय पिळवटते ते त्या दोघांना वाढायला जागाच नाही म्हणून.

वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीता शेवटी भूमीत जाते. भवभूतीने तो शेवट बदलला. सातव्या अंकात गंगेच्या काठी वाल्मीकींनी नाटक मांडले आहे, अप्सरा नटी आहेत, प्रेक्षकांत देव आहेत, नगरातली आणि खेड्यापाड्यांतली माणसे आहेत, आणि राम आहे. आपणच टाकलेली सीता गंगेत उडी घेताना तो रंगमंचावर पाहतो, पुढे धावतो, लक्ष्मण त्याला आठवण करून देतो की दादा, हे नाटक आहे. गंगा आणि पृथ्वी बाळांना घेऊन वर येतात. पृथ्वी, सीतेची आई, जावयावर संतापलेली आहे आणि गंगा त्याची बाजू सांभाळते. राम हे सगळे ऐकून घेतो. लोकांच्या बोलण्यावरून झालेला अन्याय लोकांसमोरच मांडायला हवा, म्हणून भवभूतीला इथे एवढी गर्दी लागली. पंचवटीत दोघांत मिटले असते तर ते अर्धेच मिटले असते.

राम बेशुद्ध पडतो. अरुंधती खऱ्या सीतेला हात धरून आणते आणि तिच्या स्पर्शाने तो डोळे उघडतो. पंचवटीत लपून दिलेला स्पर्श आता सगळ्यांदेखत आहे. पृथ्वी आणि गंगा यांच्यासमोर तो स्वतःला मोठा अपराधी म्हणवतो. मग अरुंधती लोकांकडे वळून सरळ विचारते की हिला स्वीकारायचे की नाही, तुम्ही सांगा. लोक मान खाली घालून सीतेला नमस्कार करतात. त्यांच्यातला एकही माणूस तोंडाने क्षमा मागत नाही. दुर्मुखाने ज्यांचे बोलणे आणले ते कोण होते, हे नाटक शेवटपर्यंत सांगत नाही.

अरुंधती रामाला आज्ञा करते की सोन्याच्या मूर्तीच्या जागी आता हिला बसव. त्यावर सीता स्वतःशीच विचारते, सीतेचे दुःख कसे पुसायचे हे आर्यपुत्रांना येते का? हा प्रश्न कोणाला ऐकू येत नाही. राम अरुंधतीला उत्तर देतो, आपली आज्ञा, आणि मुलांना पुढे आणले जाते. हे स्वगत सीतेने कसे म्हणायचे, विश्वासाने, शंकेने की थकून, ते भवभूतीने लिहून ठेवलेले नाही. सीतेची भूमिका करणाऱ्या प्रत्येकीला त्याचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो.